बाबा हो म्हणाले

तलासरी, मार्च २०१७

डॉक्टरसाहेब,

मी चैत्याची मुलगी कमळी. परवा तुमच्या वॉर्डात बाबा गेले. श्वास थांबला तेव्हा तुम्ही शेजारीच होतात, पण छाती दाबली नाहीत. "त्यांनीच नको सांगितलं होतं," म्हणालात. कधी सांगितलं? मी चहा आणायला गेले, नेमकं तेव्हाच का विचारलंत?

सिस्टरला मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बाबा, आजार फार वाढलाय. श्वास थांबला तर छाती दाबून उगाच त्रास देत नाही, चालेल ना?" बाबा "हो" म्हणाले.

साहेब, बाबा साहेबलोकांना कधीच नाही म्हणत नसत. शिबिरात डोळे तपासणाऱ्यांनी "दिसतं ना?" विचारलं, तर हो म्हणाले आणि बाहेर पडताना त्यांच्याच गाडीवर आदळले.

हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, की ठाऊक होतं म्हणूनच तसं विचारलंत? "वाचवायचा प्रयत्न करू ना?" असं विचारलं असतंत, तर त्यालाही ते हो म्हणाले असते.

आता आईलाही दम लागलाय. उद्या तिला तुमच्याकडेच आणावं लागेल, म्हणून हे पत्र घरीच ठेवते.

तुमच्या प्रत्येक "समजलं ना?"ला मान हलवणारी,
कमळी