पोकळीतला पीळ

सोमवार, ९ मार्च

"दुर्बिणीवाल्या मित्रांनो! वर्षानुवर्षं आपल्याला हसण्यावारी नेलं — तारेच नव्हते तेव्हा चुंबकत्व कुठलं, म्हणे!" शुक्रवारच्या भाषणाची ही सुरुवात. आरशासमोर म्हणून पाहिली. सभा गाजवणारी मी — आणि आवाज कापला!

कारण आक्का. आमची यंत्रं तीच सांभाळते. आकाशाच्या नोंदींत ती गुपचूप एखादी खोटी खूण मिसळते, ती आम्हाला सापडते का, आम्ही फसतो का बघायला. शोधनिबंध छापायला जाईपर्यंत तोंड उघडत नाही. हा नियम मीच भांडून करून घेतला होता.

मंगळवार, १०

पुन्हा तपासलं. आहे! दक्षिणेच्या त्या पोकळीतून, जिथे एकही दीर्घिका नाही, येणाऱ्या प्रकाशाला किंचित पीळ पडलाय. असा पीळ पडतो म्हणजे वाटेत चुंबकक्षेत्र आहे. तिथे ते कोण नेऊन ठेवणार? म्हणजे ते ताऱ्यांच्याही आधीचं, विश्वाच्या पहिल्या क्षणांतलं. सगळ्या चुंबकत्वाचं बी!

किंवा आक्काचं.

घरी दादा म्हणाला, "विश्वाचं लोहचुंबक सापडतं तुला, आता माझा चष्मा शोधून दे." मला हसू येईना. "एवढी का गं घाबरलीस?" काय सांगू!

बुधवार, ११

डबा खाताना आक्काचा चेहरा वाचत बसले. "काय बघतेस? दाताला काही लागलंय का?"

गुरुवार, १२

निबंध गेला. आक्काने आम्हा सगळ्यांना आत बोलावून दार लावून घेतलं.

"खूण घातली होती."

संपलं सगळं!

"बस आधी. उत्तरेला घातली होती गं. दक्षिणेला मी हातसुद्धा लावलेला नाही."

मग काय — आरडाओरडा, मिठ्या, कुणी टेबल बडवतंय. मी सगळ्यांत मोठ्याने ओरडले. आक्का तेवढी खुर्चीतच बसून होती. "बरं झालं," म्हणाली. माझ्याकडे बघत राहिली.

शुक्रवार, १३

आत्ता कळलं ती का बघत होती. उत्तरेची खूण आम्हाला दिसलीच नाही! चांगली ठळक घातलेली — आणि आमच्यापैकी एकालाही नाही. एवढी ठळक खूण जिच्यातून निसटते, त्या तपासणीवर भरवसा कसा ठेवायचा? मग दक्षिणेला आम्ही पाहिलं ते काय?

खाली सभागृह भरतंय. माझ्या नावाचा पुकारा होईल आता.

ऊठ, बाई. माईक हातात घे आणि सांग — निबंध परत मागवतोय.