नीलरेखाचा शेवटचा भाग

स्मृति नगर, भिलाई
मंगळवार

प्रिय शिल्पे,

पत्र बघून तू धसकशील, म्हणून आधीच सांगते, इकडे सगळे बरे आहेत. चंदनची शुगर वाढली होती, आता गोळ्यांवर आहे. अपेक्षा सहावीत गेली, माझ्या खांद्याला लागली. तू म्हणशील, हातात फोन असताना या मोनालीला पत्राची हुक्की कुठून आली? अगं, फोनवर मी तीन आठवडे तुझ्याशी खोटं बोलून राहिली आहे. तुझा आवाज आला की माझी जीभ आपोआप वळते. कागदावर जरा तरी सरळ चालेल असं वाटलं, म्हणून कुरिअरने पाठवते आहे. गुरुवारपर्यंत नागपूरला मिळेल म्हणाले.

शनिवारी तू दुर्गला उतरणार. तुझ्या भावाची, आनंदची ती कॅसेट न्यायला. तू मला किती उत्साहाने सांगितलंस की जुना टेपरेकॉर्डर मिळाला, त्याचा बेल्ट बदलून घेतला, चालतो. आणि काकूंचं सांगितलंस. शैलाकाकूंना आता पोटच्या लेकीचं, तुझं नाव आठवत नाही, तुला त्या कधी ताई म्हणतात, कधी बाई. पण दोन्ही वेळा पानं वाढली की दाराकडे तोंड करून आनंदला जेवायला हाक मारतात आणि उत्तर येईपर्यंत घास उचलत नाहीत. आनंदला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, हे त्यांना सांगायचं कसं आणि रोज किती वेळा सांगायचं, असं म्हणून तू रडलीस. मग म्हणालीस, त्याचा आवाज ऐकवून बघते, कदाचित जेवतील. मी म्हटलं, कॅसेटची पेटी माळ्यावर आहे, काढून ठेवते. असं मी तीनदा म्हटलं.

तुला सेक्टर सहाच्या क्वार्टरमधले रविवार आठवतात? आमचा टीव्ही नेमका रविवारीच रुसायचा, म्हणून मी आंघोळ करून, कपाळावर निळ्या शाईची रेघ ओढून तुमच्याकडे हजर. आपल्या मालिकेतल्या जादूगारीण नीलरेखाच्या कपाळावर तशी रेघ होती आणि ती रेघ चमकली की ती आरशातून आरपार जायची. शाई दोन-दोन दिवस निघायची नाही, शाळेत बाई म्हणायच्या, हे काय थेर आहेत. काकूंच्या निळ्या साडीचा झगा, पडद्याची दांडी म्हणजे जादूची छडी, आणि ती स्टिकरची वही, जिच्यात एक स्टिकर दोनदा आला म्हणून आपण दोघी आठ दिवस बोललो नव्हतो. किती जीव टाकायचो गं आपण त्या बाईवर! आई म्हणायची, देवापुढे अशी बसली असतीस तर पास तरी झाली असतीस गणितात.

मालिका टेप करायची टूम आनंदचीच. टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि अर्धा तास घरात कोणी ब्र काढायचा नाही. काकू बिचाऱ्या कुकरसुद्धा लावायच्या नाहीत, शिट्टी टेपमध्ये येईल म्हणून. देवरावकाका प्लांटमधले एवढे मोठे साहेब, पण पाय न वाजवता मोरीत जायचे आणि तरी नेमके शिंकायचे. नीलरेखा राक्षसाला शाप देते आहे आणि मागून काकांची शिंक! तो भाग आपण किती वेळा लावला असेल.

आणि मग एका रविवारी ती मालिका लागलीच नाही. कुठली तरी स्वयंपाकाची मालिका आली तिच्या जागी. नीलरेखा आरशात अडकलेली आणि चॅनेलवाल्यांना काही सोयरसुतक नाही. आपण दोघी अशा रडलो की काकूंना वाटलं कोणाची तार आली. तेव्हा आनंद म्हणाला, रडून काऊन राहिल्या? शेवट आपणच करू. नववीतला पोरगा, पण कसा साहेबासारखा बोलायचा. कोरी कॅसेट नव्हती, तर त्याने काकूंची भजनाची कॅसेट घेतली, पुसून नवं भरता यावं म्हणून वरच्या भोकांवर कागद चिकटवला आणि त्याच्यावर आपला शेवटचा भाग भरला. दुष्ट जादूगार तोच, म्हातारा राजा तोच, घोडाही तोच. तू नीलरेखा. मी आरसा. मला एकच वाक्य होतं, ते मी तिसऱ्या वेळेला बरोबर म्हटलं. काकूंना भजनाचं कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, भजन काय, बाजारात मिळते.

आनंदची कावीळ बिघडली तेव्हा आपण बारावीत होतो. तो दवाखान्यात असताना आपण खाली चिंचेच्या झाडाजवळ उभ्या राहिलो आणि मी म्हटलं, चल, तो बरा व्हावा म्हणून झाडाला नीलरेखाचे सात फेरे घालू. तू हसलीस, मग हसता हसता माझ्यामागे आलीस. तू ते विसरली असशील. मी ते मनापासून घातले होते शिल्पे, मंत्रासकट, सतरा वर्षांची घोडी. पाचव्या दिवशी तो गेला. पुढे काका रिटायर झाले, तुम्ही क्वार्टर सोडून नागपूरला निघालात, तेव्हा पेटी तू माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, मला बघवत नाही, टाकवतही नाही, तू सांभाळ.

आता चंपाताईंचं सांगते. माझ्या आईच्या आजारपणात त्या आमच्याकडे यायच्या, हे तुला माहीत आहे. पण माझ्या विश्वासाबद्दल आपण कधी मोकळं बोललो नाही. तू विचारायचं टाळलंस, मी सांगायचं टाळलं. आणि इथे हल्ली अशा गोष्टी चारचौघांत बोलायची सोयही राहिली नाही. चंपाताई जामुलहून बस बदलून यायच्या. नातेवाईक दारातूनच विचारपूस करून जात होते, तेव्हा त्या आईची पाठ पुसायच्या, अंथरूण बदलायच्या, मग तिचा हात धरून प्रार्थना करायच्या. आईचा आजार बरा झाला नाही. पण शेवटच्या महिन्यात तिची भीती गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी मी बाप्तिस्मा घेतला. चंदन दोन वर्षांनी विश्वासात आला. कोणी मला पैसे दिले नाहीत की फूस लावली नाही. प्रभूवर माझा आजही तेवढाच विश्वास आहे, हे पत्र वाचून झाल्यावरही तू एवढं लक्षात ठेव.

एका रविवारी आमच्या पास्टरांनी बायबलच्या वचनातला एक भाग सांगितला. जादूटोणा करणाऱ्या लोकांनी विश्वास धरला आणि आपली पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, असा. आमच्यात मग रीतच पडली, नवीन माणसाने साक्ष द्यायची आणि घरातले गंडे, ताईत, काळे दोरे आणून चंपाताईंच्या अंगणात जाळायचे. मी नवी नव्हते, तरी उठून उभी राहिले. म्हटलं, माझ्या घरी एक पेटी आहे. लहानपणी मी एका जादूगारणीला मानत होते, तिच्या नावाने मी फेरे घातले, मंत्र म्हटला. सगळे गंभीर झाले, कोणी तरी रडलंही. मला खूप हलकं वाटलं, आणि खरं सांगते, थोडं मोठंही वाटलं.

पुढच्या रविवारी घमेल्यात विस्तव केला. तुमच्या घरचा निळा झगा एका क्षणात गेला. स्टिकरची वही भिजल्यासारखी धुमसत राहिली. चंपाताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, ये तो लइका मन के खेल आय, बाई, येला काबर जलावत हस? म्हणजे, हा तर पोरांचा खेळ, कशाला जाळतेस. पास्टरही म्हणाले, बहनजी, आधी एकदा बघून घ्या, काय ठेवायचं काय नाही. मी म्हटलं, बघायचं काही नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली असती तर किती सोपं झालं असतं आज! कोणी केली नाही गं.

चार वर्षं झाली त्याला. अपेक्षाला मी जादूची पुस्तकं आणू दिली नाहीत, मैत्रिणीच्या वाढदिवसाला परीचा पोशाख घालू दिला नाही. गेल्या महिन्यात तिच्या दप्तरात चित्रांची वही सापडली, सगळ्या पंखवाल्या बायका. फाडायला हात उचलला आणि तिचं तोंड पाहिलं. माझ्याच आईला घाबरून मी कधी असं तोंड केलं नव्हतं. वही परत दिली आणि काय झालं कोण जाणे, तिला बसवून नीलरेखाची अख्खी गोष्ट सांगितली, आपल्या शेवटच्या भागापर्यंत. आनंदचा जादूगार, राजा, घोडा, सगळं तोंडपाठ निघालं. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, मम्मी, इसमें गंदा क्या है? दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला.

आता ते सांगते, जे मी चंपाताईंनाही सांगितलं नाही. मला आनंद आवडायचा. त्याला कधी कळलं नाही, तुलाही कळू दिलं नाही. लग्नानंतर चंदन ड्यूटीवर गेला की मी दार लावून ती कॅसेट लावायची. आधी वर्षातून एकदा, मग महिन्यातून, मग कधीही. चंदनसारख्या भल्या माणसाच्या घरात बसून मी मेलेल्या पोराचा आवाज ऐकत होते आणि मग प्रार्थनेला बसत होते. प्रभूच्या जागी मी कोणाला बसवलं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ती नीलरेखा नव्हती. पण सगळ्यांसमोर उभं राहून आनंदचं नाव घ्यायची माझी छाती झाली नाही. तिचं नाव घेतलं. बिचारीवर आळ आला.

शिल्पे, कॅसेट झग्याच्या खाली होती. मी ती हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि मग घमेल्यात टाकली. चुकून गेली असं मी तुला सांगणार होते, तसं आधी लिहिलंही होतं, तो कागद फाडला. माझी लाज लपवायला मी तुझा भाऊ जाळला. आणि तुला कदाचित आठवत नसेल, तू शेवट झाल्यावर उड्या मारत बाहेर पळालीस, पण त्या टेपच्या शेवटी आनंद बटण बंद करायला विसरला होता. आतून काकूंची हाक येते, आनंदा, जेवाले ये रे. आणि तो म्हणतो, आलो ना आई, दोनच मिनिटं. काकू रोज ज्या उत्तरासाठी हातातला घास थांबवतात, ते जगात एकाच ठिकाणी होतं आणि ते माझ्याकडे ठेवायला दिलेलं होतं. शनिवारचं तिकीट रद्द कर. मीच येते. काकूंसमोर बसून सांगते, त्यांना कळो न कळो. तू दार उघडलं नाहीस तरी बाहेर उभी राहीन.

तुझीच म्हणायचा हक्क ठेवला असशील तर, तुझीच
मोनाली