विस्मरणात नापास

तीर्थरूप नव्हे, पण त्याच्या बऱ्याच जवळचे, असे मेहुणेसाहेब यांस,

नमस्कार. तुमचे गुडघे तुमचे ऐकत असतील आणि वहिनी तुम्हाला ऐकवत असतील, अशी आशा आहे. आमचे विचाराल तर शरीराने ठीक. मनाचे तुमच्या भाचीला विचारावे. तिने बारावीला मानसशास्त्र घेतले आहे.

पूर्वी या घरात माणसे चिडत, रुसत आणि जेवायच्या वेळेला पानावर येऊन बसत. आता ती सोय राहिली नाही. मी ओरडलो तर 'दडपलेला राग', गप्प बसलो तर 'टाळाटाळ', आणि हसलो तर "बाबा, हा बचाव आहे!" (कोणापासून, ते सांगत नाही.) परवा चष्मा मिळेना, तर तो सापडावा अशी मुळात माझीच इच्छा नाही, असे निदान झाले. चष्म्यावर ती बसली होती.

तेही सोसले असते. पण तिच्या प्रात्यक्षिकात स्मृतीचा एक प्रयोग आहे. अर्थ नसलेले शब्द एखाद्याला पाठ करायला लावायचे आणि आठवड्याने किती उरले ते पाहायचे. उरू नयेत, यातच प्रयोगाचे यश. तिने माझ्यापुढे झुप, टेव, गिम, लोढ असली यादी ठेवली. आता जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसापुढे पाठांतर ठेवल्यावर तो काय करणार? मी ते सरळ अनुष्टुभात बसवले. 'झुपे टेवं गिमो लोढ' हा चरण तर इतका ठसठशीत उतरला, की तुमच्या भगिनी भांडी लावताना तो गुणगुणू लागल्या. त्यामुळे त्याही प्रयोगातून बाद.

आठवड्याने मी सगळे शब्द म्हणून दाखवले, वर उलटेही म्हटले. शाबासकीच्या अपेक्षेने पाहतो, तर पोरगी रडकुंडीला! "बाबा, विसरायचं होतं! एवढंसुद्धा जमत नाही तुम्हाला?" आलेख घसरगुंडीसारखा उतरायला हवा होता, तो आमच्या अंगणासारखा सपाट आला. तिच्या बाईंनी वहीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "हे आकडे घरी बसून बनवलेस." ज्या पोरीने आजवर शेजारणीचे उत्तरसुद्धा पाहिले नाही, तिला हे ऐकावे लागले, ते माझ्या स्मरणशक्तीपायी. तेव्हापासून ती माझे मन वाचत नाही. बोलतच नाही. निदानांपेक्षा हे जड जाते आहे.

वहिनींना नमस्कार.

आपला,
सपाट आलेखवाला

ता. क. प्रयोग बाईंच्या समोर पुन्हा करायला परवानगी मिळाली आहे, येत्या सोमवारपासून. माणूस नवा हवा. घरात एकमताने तुमचे नाव निघाले. गेल्या खेपेस भाचीला भेट दिलीत, चहा घेतलात आणि जाताना तीच भेट पिशवीत घालून घेऊन गेलात, तेव्हापासून तिचा तुमच्यावर गाढ विश्वास आहे. रविवारीच या.

ता. क. २. आत्ताच भाचीने हे पत्र वाचले आणि तीन दिवसांनी प्रथमच माझ्याशी बोलली. ती म्हणाली, "बाबा, प्रयोगाचा हेतू त्या माणसाला आधी कळता कामा नये, एवढंही कळत नाही?" तरी वरचे सगळे विसरून यावे. तुमच्याकडून तेवढे सहज होईल, म्हणून पत्र फाडत नाही.