लवळ्याची खोली आणि करिष्माची नोकरी

"मेंढरं राखायला कुणी देत न्हाई, अन् माणसं राखायला पगार देत्यात व्हय?" मी पहिल्यांदा कंपनीत निघाले तेव्हा माझे वडील, कै. म्हसू मरगळे, असे म्हणाले होते. देतात, आबा. एकवीस वर्षे दिला.

मी, सुलक्षणा म्हसू मरगळे, वय ४६, अविवाहित, राहणार लवळे, ता. मुळशी, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहिते. मंगळवारी माझे पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ. पण मी एचआरमध्ये होते. "किरकोळ बदल" म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

१. जिथे मी कॉलेजच्या मुलांचे बायोडेटा दुरुस्त करते ती खोली, राहते घर आणि बँकेतील बचत माझी भाची करिष्मा हिला. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू कोंडाजी, यांनी त्या खोलीत भाड्याच्या कॉट टाकू नयेत. मापे घेताना मी पाहिले आहे.

२. माझी फिरती खुर्ची शैलेश यांना. जो उमेदवार चहा आणणाऱ्या चंद्राबाईंना नाव विचारी, त्याला मी निवडत असे. शैलेशने विचारले, म्हणून घेतला. पुढे तो व्यवसाय सल्लागार झाला आणि आमच्याच कंपनीत येऊन माझे पद अनावश्यक असल्याचा अहवाल देऊन गेला. त्याही दिवशी त्याने चंद्राबाईंना नावाने हाक मारली. खुर्ची उजवीकडे कलते, सांगू नये.

३. चंद्राबाई साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग सही फुकट व्हय?" तरी केली.

४. करिष्मा एचआर शिकली, पण आठ महिने घरी आहे. विचारते, "आत्या, यात आता स्कोप हाय का?" अर्ज यंत्र चाळते, हजेरी यंत्र घेते, हे खरे. पण नोकरी गेलेल्या माणसापुढे पाण्याचा ग्लास सरकवायला माणूसच लागेल. ती म्हणाली, "आत्या, ही नोकरी हाय का पाणपोई?" पोरगी हुशार आहे. तिला वेळ द्यावा, एवढेच.

५. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू समजावे. कोंडाजीदादा, म्हणूनच याची प्रत आज तुझ्या हातात देते आहे. रविवारी करिष्माला पाहायला पाहुणे बोलावलेस, ते वहिनींनी सांगितले. तिला नोकरी लागून वर्ष होईपर्यंत स्थळ पाहू नकोस. तू म्हणशील, "ऑपरेशनच्या भ्यानं लिव्हलंय हिनं, सोयरीक मोडू व्हय?" तू ऐकणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी त्यांना फोन लाव आणि येऊ नका म्हण.

सही: सुलक्षणा म्हसू मरगळे
साक्षीदार: १. चंद्राबाई ढेबे २. साहिल कोकरे
लवळे, १५ जानेवारी २०२६