उलट घडीचा लॅपटॉप

विश्रांतवाडी, पुणे
गुरुवार

आदरणीय भाऊजी,

सविनय जयभीम. आपला गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण अक्काने फोनवर त्याचा इतका सविस्तर वृत्तान्त दिला आहे की तो मला आता गर्दीतही ओळखता येईल. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज चालत असाल. नसाल तर चाला. मी ठणठणीत आहे. आपली नात पायल माझ्याकडे नीट राहते, पानात काही टाकत नाही आणि (दिवा बंद असतो त्यावरून) वेळेवर झोपते. फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपण मधेच "हो, हो" म्हणता आणि विषय संपतो. हा विषय तसा संपण्यासारखा नाही.

पंधरा दिवसांनी पायलचं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं कॉलेज सुरू होतं, त्याआधी तिला लॅपटॉप हवा. "मावशीआजी म्हणेल तोच घ्यायचा," असं आपण तिला बजावलंत. विश्वासाबद्दल आभार. पण तिला हवा आहे साधा, आणि माझं मत पडलं आहे उलट घडीच्या लॅपटॉपला. तेव्हा निकाल आपण द्यावा. मात्र आधी काय घडलं ते वाचावं.

आम्ही नगर रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या गंधार नावाच्या विक्रेत्याने मला पाहताच विचारलं, "आजी, तुमचं काय, व्हॉट्सअ‍ॅपच ना?" मी म्हटलं, "आधी बिजागरी दाखवा." (कपाट असो, चष्मा असो की माणूस, मोडतो तो बिजागरीतच.) त्याने साधा लॅपटॉप उघडला, मिटला. ठीक. मग शेजारचा उचलला, उघडला, आणि उघडतच गेला. मी हात पुढे केला, म्हटलं, झालं आता ह्याचं नुकसान. आमच्या कॉलेजातलं कपाट असं उघडलं असतं तर दार हातात आलं असतं. पण भाऊजी, ते यंत्र कुरकुरसुद्धा न करता पुरतं मागे वळलं, टंकायच्या कळा पाठीशी गेल्या, आणि समोर उरली निव्वळ एक पाटी. वर त्याने पेन दिलं. चमत्कार नसतात असं मी जन्मभर मुलांना शिकवत आले. मत कायम आहे. पण तिथे मी बसायला खुर्ची मागितली.

बसून एक वर्तुळ काढलं. हाताने, कंपास न घेता. दाबलं की रेघ जाड, हलकं धरलं की बारीक, तळहात टेकला तरी काही पुसलं गेलं नाही, आणि अक्षर माझंच! टंकलेलं नाही, माझं. खडूची भुकटी नाही, पदर पांढरा नाही. आता वर्तुळ काढलं की ते तसंच सोडून देणं मला जमत नाही. व्यास काढला, परिघावर एक बिंदू घेतला, आणि अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे सिद्ध करायला लागले. केंद्र जोडलं, दोन समद्विभुज त्रिकोण झाले, बेरजा मांडल्या, आणि शेवटी सवयीने त्या पाटीवर पेनाने टकटक करून विचारलं, "समजलं?" (गंधार पांढरा पडला. "आजी, डिस्प्ले पीस आहे!")

मान वर केली तर दुकानभर माणसं स्तब्ध उभी. ते यंत्र समोरच्या भिंतीवरच्या टीव्हींना जोडलेलं होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पन्नास इंची, साठ इंची, जितके टीव्ही तितकी माझी प्रमेयं. आणि मिक्सरचा खोका काखेत धरलेले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, एक शंका. तो वरचा बिंदू जरा डावीकडे सरकवला तर? तरी नव्वदच?"

मी बिंदू डावीकडे घेतला. नव्वद. पार टोकाजवळ नेला. तरी नव्वद. गृहस्थांनी खोका खाली ठेवला. त्यांची बायको म्हणाली, "अहो, बिल करायचंय." ते म्हणाले, "थांब गं, मला हे शाळेत कोणी दाखवलंच नव्हतं." भाऊजी, मी निवृत्त झाल्यापासून लोकांनी मला गॅसवाला कधी येतो आणि शेजारचं पार्सल ठेवून घ्याल का, एवढंच विचारलं आहे.

पायल एका वॉशिंग मशीनमागे उभी होती. तिचं म्हणणं, तेवढ्याच पैशात साध्या लॅपटॉपमध्ये ताकद जास्त मिळते. "मावशीआजी, मी कोडिंग करणारे, सर्कल कशाला काढू?" माझं म्हणणं, ज्याचा हात चालत नाही त्याचं डोकंही चालत नाही. तरी आपण तिला स्पष्ट सांगावं: उलट घडीचाच. अक्काला जयभीम.

आपली,
दीपमाला

ता.क. पायलने पत्र वाचलं (विचारून). मग तिने दोन्ही यंत्रांची तुलना मांडून दाखवली. पायरीपायरीने होती, चूक सापडली नाही. पूर्ण गुण द्यावे लागले. साधा लॅपटॉप आज घेतला. तेव्हा वरचं सगळं रद्द समजावं, तिला काही सांगू नये.

आणखी एक. उलट घडीचाही घेतला. माझ्या पैशांनी, माझ्यासाठी. अक्काला एवढ्यात बोलू नका.

शेवटचं, आणि पत्र खरं ह्याचसाठी. पाटी आली, पण समोर कोणी नाही. पायलला वेळ नाही, अक्काला कधी कशाची शंका येत नाही. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की आपण फोन समोर उभा करून बसावं. वही घ्यावी. मी वर्तुळापासून सुरू करेन. आणि भाऊजी, सगळं समजलं तरी एक शंका विचारा.