आतली खोली

४ फेब्रुवारी
आजही जिन्यातच गाठलं यांना. घरात बोलायची सोय कुठे? बाहेरच्या खोलीत सासूसासरे, आम्ही दोघं, आमची लेक. आत दीर, जाऊ आणि त्यांचं बाळ. म्हटलं, जरा थांबा, बोलायचंय. तेवढ्यात वरून सासूबाई – "अगं, भात लागतोय!" राहिलं. लग्नानंतर धड कधी बोललोय, आठवत नाही.

७ फेब्रुवारी
बाळाचा खोकला हटेना. आतल्या भिंतीला ओल आहे.

९ फेब्रुवारी
घरमालकाचा निरोप – पालिकेची बाई घर तपासायला येणार. त्याने पालिकेच्या कागदावर पाचच माणसं दाखवलीत. यांनी परस्पर ठरवलं, धाकट्यांनी तेवढा वेळ बागेत बसायचं, अंथरुणं गच्चीवर. जाऊ म्हणाली, "ताई, आम्हालाही गुंडाळून ठेवा की."
त्यांनी जावं असं मला वाटतंच होतं – नुसतं बागेत नाही, कायमचं.

११ फेब्रुवारी
बाई आली. आतल्या भिंतीला हात लावून बघितलं. "किती जण राहता?" हे म्हणाले, "पाच."
सासूबाई एरवी मध्ये बोलत नाहीत. आज बोलल्या. "आठ. तिघं बागेत बसलीत, गारठ्यात. बाळ आजारी आहे."
ती गेल्यावर हे कडाडले, "आई, सगळ्यांना रस्त्यावर आणणार तू!"
"आणीन. पण नातवाला लपवणार नाही."
सासरे चपला घालून बाळाला आणायला गेले.

१२ फेब्रुवारी
कामावर, शिलाईच्या कारखान्यात, दोन शर्टांना कॉलर उलटी लावली. चित्त थाऱ्यावर नाही.

२६ मार्च
रस्त्यावर कुणी आलं नाही. बाळाच्या आजारामुळे धाकट्यांना पालिकेकडून दुसरीकडे घर मिळालं. मालकाला भिंत दुरुस्त करावी लागली. निघताना जाऊ गळ्यात पडून रडली. मीही रडले, अगदी मनापासून – आणि डोळा मात्र आतल्या खोलीवर! सासूबाई म्हणाल्या, "आता ती तुमची."

३० मार्च, रविवार
दुपारी दार लावून घेतलं. पलंगावर बसलो दोघं, पाहुण्यांसारखे. म्हटलं, बोला ना. "काय बोलू?"
हे उठले, दार उघडलं. म्हणाले, "गुदमरल्यासारखं होतंय."
मी उठून पुन्हा लावलं.
"होऊ दे. बसा."