बेडकीचे खरे ठिकाण

मी, नेमेसिओ कोंदोरी वाल्पा, वय चोवीस, राहणार किन्सापुक्यू, धंदा अल्पाका राखणे, शिक्षण सहावीपर्यंत. परवा कुस्कोच्या इस्पितळात माझ्या यकृतातली गाठ काढणार आहेत. आज शुद्धीत आहे, कुणाचा दबाव नाही, म्हणून माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. घर आईचे, लोकरीच्या अकरा अल्पाकाही आईच्या. त्यातली लंगडी विकू नये.

२. पायाने रेटायचा पायनांगर मामेभाऊ तेओफिलो याला. मूठ माझ्या उंचीला बेतलेली आहे, त्याला वाकावे लागेल. वाकू दे.

३. जाड पोंचो शेजारच्या बासिलियाला. तो तिने तेओफिलोला पांघरायला देऊ नये. ही अट कायद्यात बसते का, ठाऊक नाही.

४. तीन वर्षांपूर्वी लिमाहून बेडकांचे प्राध्यापक आले. पाठीवरच्या पिशवीत अंडी वागवणारी बेडकी आमच्याकडे सगळ्यांना माहीत. पण तेओफिलोने वालाताकोचा तळ्यावर धरलेली वेगळी निघाली : पिशवीचे तोंड अरुंद, बोटे आखूड. प्राध्यापकांनी नवी जात ठरवली. त्या दिवशी बासिलिया त्याच्याकडे जसे बघत होती, तसे तिने माझ्याकडे कधीच बघितले नाही.

बेडक्या ठेवलेल्या बरण्यांवर त्या सापडल्याचे ठिकाण चिठ्ठीत लिहिण्याचे काम माझे होते. प्रत्येक चिठ्ठीवर मी किन्सापुक्यू, म्हणजे माझ्या घरामागची दलदल, असे लिहिले. प्राध्यापक म्हणाले, नेमेसिओचा काना-मात्राही चुकत नाही, तपासायला नको.

सरकारी नकाशात त्या जातीचा एकच ठिपका आहे, माझ्या दलदलीवर. तिथे शोधून माणसे थकली. वालाताकोचात मात्र काही नाही असे धरून मत्स्य खाते तिथे ट्राउट मासे सोडणार आहे. ते मासे बेडकांची पिल्ले जिवंत ठेवणार नाहीत. तेओफिलो हे थांबवायचा अर्ज घेऊन गेला की कचेरीत त्याला नकाशा दाखवतात.

काल तो मला म्हणाला, "नेमे, बेडकी मी तळ्यावरच धरली होती ना रे?"

मी म्हणालो, "तीन वर्षं झाली. कोण लक्षात ठेवतं?"

"तू ठेवतोस. तू तर मी नेलेली सुईसुद्धा लक्षात ठेवतोस."

५. म्हणून जाहीर करतो : ती जात वालाताकोचाच्या पश्चिम काठची, उंची चार हजार सहाशे मीटर. धरणारा तेओफिलो वाल्पा. किन्सापुक्यूत ती कधी सापडली नाही. चिठ्ठ्या मी जाणूनबुजून खोट्या लिहिल्या.

६. कलम पाच व हे कलम शाळेच्या बाईंनी आजच प्राध्यापकांना पाठवावे. 'आजच'च्या जागी आधी 'माझ्या मृत्यूनंतर' असे लिहिले होते. मासे वीस तारखेला सोडणार, म्हणून ते खोडून 'आजच' केले आहे. खोडलेल्या जागी सही आहे. जगलो तर तेओफिलोसमोर बसून जेवावे लागेल. ते बघून घेईन.

सही : नेमेसिओ कोंदोरी वाल्पा

साक्षीदार : १. एउलालिया ताय्पे, शिक्षिका (कलम पाच व सहाची प्रत मिळाली)
२. मेलचोर किस्पे, गावप्रमुख (अंगठा)

किन्सापुक्यू, १२ नोव्हेंबर